आधी मावशींचे पैसे दे

प्रिय ताई, प्रभूच्या नावात सलाम.

वय 36, जरीपटक्याकडे राहते. माहेर-सासर दोन्ही पिढीजात ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी एका सहभागितेत (फेलोशिपमध्ये) जायला लागले आणि तिथे मला प्रभू खऱ्या अर्थाने भेटला. तोवर ख्रिस्तीपण म्हणजे नाताळचा केक आणि ईस्टरची नवी साडी. आता पहाटे पाचला उठून प्रार्थना करते, बुधवारी उपास, शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेची कॉटेज मीटिंग. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, एकदाही चुकवला नाही. मे महिन्यातल्या संजीवन सभेत तर विश्वासाने 7,000 रुपये वेगळे दिले.

अडचण आहे ती माझ्या मिस्टरांची. रविवारी सकाळी तर्री-पोहे आणायला जातात आणि आल्यावर मॅच लावून बसतात. उपासनेला चला म्हटलं तर ‘तू जा, मी पोरांना बघतो’. आई-बाबांच्या जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) जिवंतपणा नाही, सगळ्या प्रार्थना पुस्तकातून वाचलेल्या. सहभागितेतल्या एका बहिणीने सांगितलं की मी विजोड संसारात अडकले आहे. घरात एकटी पडले आहे. कामाच्या मावशींनाही देवाचं वचन सांगते. दुपारी कूलरचं पाणी भरायला त्या परत येतात तेव्हा वेळ मिळतो. त्या ऐकून घेतात, पण मनावर घेत नाहीत. (त्यांचे एप्रिल-मेचे पैसे सभांच्या गडबडीत राहिलेत, महिन्याचे 2,200. पण त्या घरच्यासारख्याच आहेत, काही म्हणत नाहीत. खाडे मात्र बरेच करतात, मी कॅलेंडरवर मांडून ठेवते.) अशा घरात बायबलप्रमाणे खरं जगायचं कसं? मिस्टरांना कसं बदलू?

एक भगिनी, नागपूर

*

सलाम, बाई.

तुझं पत्र इथे बरंच छाटून दिलं आहे. मूळ पत्रात मिस्टरांच्या तर्री-पोह्यांवर अख्खं पान आहे, त्यांच्या घोरण्यावर अर्धं. मावशींच्या पैशांवर दोन-तीन वाक्यं आहेत आणि तीही कंसात. मला फक्त त्या कंसातलंच बोलायचं आहे.

मे महिन्यातली नागपूरची दुपार तुला मी काय सांगू! पारा 45 च्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या वेळी एक बाई फक्त तुझ्या कूलरची टाकी भरायला पुन्हा तुझ्या घरी येते. नळाला पाइप पुरत नसला तर बादल्या उचलते. टाकी भरली, पंपाने ओढ घेतली, ताट्या भिजल्या, गार वारा सुटला की त्या वाऱ्यात तू खुर्चीवर बसतेस आणि ती दाराशी उभी राहून पदराने तोंड पुसते. मग तू तिला प्रभूची प्रीती सांगतेस. वर मला लिहितेस, ‘ऐकून घेतात’.

ऐकून घेणार नाहीत तर काय करतील? दोन महिन्यांचा पगार तुझ्याकडे अडकलाय. दाराबाहेर पाऊल टाकलं तर ते पैसे बुडतील ही भीती. ‘बाई, मला उशीर होतो’ म्हणायची सोय नाही, ‘आधी माझे पैसे द्या’ म्हणायची तर त्याहून नाही. तू शुभवर्तमान सांगत असशील, पण तिच्या कानाला ते मालकिणीचं बोलणं आहे. संपेपर्यंत मान डोलवायची, संपलं की निघायचं. मनावर काहून घेईल ती?

आणि ते कॅलेंडर. खाडे मांडलेस, छान केलंस. त्याच कॅलेंडरवर 30 एप्रिलच्या चौकोनात ‘मावशी 2,200 बाकी’ असं लिहिलंस का? 31 मेच्या चौकोनात? तिच्याकडून तुला येणं आहे ते भिंतीवर टांगलेलं आहे, तिला तुझ्याकडून येणं आहे ते गडबडीत राहिलं. एवढ्या लांब पत्रात मुलांची नावं आहेत, पाळकसाहेबांचं नाव आहे, विजोड म्हणणाऱ्या बहिणीचंसुद्धा आहे. (छापताना मी ती सगळी काढली.) मावशींचं नाव कुठेच नाही.

‘घरच्यासारख्या आहेत’ हे तर मला वाचवेना. घरच्या माणसाचा पगार असा राहतो का? मिस्टरांच्या ऑफिसने दोन महिने पगार दिला नसता तर पहाटे पाचच्या प्रार्थनेत तोच विषय पहिला असता, आणि सहभागितेतल्या सगळ्या बहिणींना उपास धरायला लावला असतास.

तू विचारतेस, बायबलप्रमाणे खरं जगायचं कसं. बायबलच उघडू. दशांशाची ओवी तुला तोंडपाठ असणार. मलाखी, तिसरा अध्याय, दहावी ओवी. दशांश भांडारात आणा, मग मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा, असं सेनाधीश परमेश्वर म्हणतो. संजीवन सभेत हीच वाचली असेल. या ओवीचे फ्लेक्स मी पाहिलेत, लेटरहेडवर छापलेली पाहिली आहे. आता बोट वर सरकव, पाचच ओव्या. मलाखी 3:5. तोच अध्याय, तोच परमेश्वर. मी न्याय करायला जवळ येईन, कोणाविरुद्ध साक्ष द्यायला त्वरा करीन, त्याची यादी तिथे आहे. जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच रांगेत मजुराला त्याच्या मजुरीत नाडणारे. पुढे विधवा, अनाथ आणि परक्याला छळणारेही आहेत. या ओवीचा फ्लेक्स मी आजवर कुठे पाहिला नाही. लावला तर अर्पणाच्या थैलीत काही दिवस तरी कमी पडेल. मंडळीतल्या निम्म्या लोकांना आधी दुसरीकडे कुठेतरी पैसे पोचवावे लागतील.

म्हणजे दशांश देऊ नये? असं मी म्हणत नाही, प्रभूही म्हणाला नाही. मत्तय 23:23 काढ. परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, तो म्हणतो, पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास या भारी गोष्टी सोडता. या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. तुझ्या 7,000 चा हिशेब याच मापाने कर. त्यातले 4,400 तुझे नव्हतेच. ते मावशींच्या घामाचे होते, फक्त तुझ्या पर्समध्ये होते. दुसऱ्याचे पैसे अर्पणाच्या थैलीत टाकायला विश्वास लागत नाही. 4,400 त्यांच्या हातात ठेवून उरलेले 2,600 सभेत दिले असतेस तर ते तुझं अर्पण झालं असतं.

आता ‘काही म्हणत नाहीत’ याबद्दल. अनुवाद 24:14-15 लिहिणाऱ्याला मजुरी करणारा माणूस आतून ठाऊक होता. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. हे कारण बघ. त्याने मागितले म्हणून द्यायचे नाहीत, तो भांडायला आला म्हणूनही नाहीत. त्याचं मन दिवसभर तिकडे लागून असतं, म्हणून संध्याकाळ होऊ द्यायची नाही. मावशींचं मन तुझ्या घरी भांडी घासताना कुठे असेल? किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत असेल. जूनअखेरीला शाळा उघडतात, घरात शिकणारं पोर असेल तर वह्यांत असेल. याकोब तर पुढे जाऊन म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोचते. याकोब 5:4. मावशी गप्प आहेत म्हणून वर काही ऐकू गेलेलं नाही, असं धरून चालू नकोस.

तू नियमाने वाचतेस, म्हणून एकच आणखी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा प्रभूने दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली. ती लेवीय 19:18 मधून आली आहे. तिथेही पाच ओव्या वर जा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नकोस. एका रात्रीचीसुद्धा सवलत नाही. तू साठ रात्री ठेवलीस.

मिस्टरांचं पटकन आटोपते, कारण तुझा जीव तिथे आहे आणि माझा नाही. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. माणूस आळशी असेल, असू दे. शिवाय मावशींचे पैसे त्या घरात राहतात म्हणून त्यांच्याही डोक्यावर आहेत. पण ‘विजोड’ म्हणणाऱ्या बहिणीला सांग की पौलाची ती ओवी, ‘विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका’ (2 करिंथ 6:14), नवा संबंध जोडताना आहे. लग्न झालेल्यांसाठी त्याने वेगळं लिहिलं आहे, 1 करिंथ 7:13: नवरा विश्वास ठेवणारा नसला तरी नांदायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. तुझ्या नवऱ्याचा तर बाप्तिस्मा झालेला आहे आणि तो तुझी पोरंही सांभाळतो. आणि पेत्र म्हणतो की नवऱ्याला जिंकायचं तर शब्दावाचून, वागणुकीने. हा माणूस दोन वर्षं तुझी पहाटेची प्रार्थना ऐकतोय आणि मावशी रिकाम्या हाताने जाताना बघतोय. तो तुझ्या प्रार्थनेला कसा उठेल?

जुन्या मंडळीचंही एवढंच. पुस्तकातल्या प्रार्थना तुला मेलेल्या वाटतात, ठीक आहे. सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापल्या रीतीभाती घेऊन एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. त्यांना एकमेकांच्या प्रार्थना आवडत होत्या म्हणून नव्हे. नागपूरचीच आणखी एक गोष्ट. कवी नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले, तेव्हा रेल्वेत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे ते वाचताना अडकले ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. तिथून त्यांची सुटका झाली नाही, 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनातलीच ओवी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. मत्तय 5:23-24. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. अर्पण वाट पाहू शकतं, भावाला थांबवायचं नाही. मावशींनाही नाही.

म्हणून आज एवढंच कर. हे वाचून झालं की एटीएमवर जा आणि 4,400 रुपये काढ. जून सुरू होऊन किती दिवस झाले असतील त्याचेही धर. खाडे कापू नकोस. दोन महिने पगार न देणाऱ्याने खाडे मोजायचे नसतात. मावशी उद्या कामाला येतील तेव्हा देते, असं करू नकोस, लेवीयातली ती रात्र आठव. त्यांच्या घरी स्वतः जा, संध्याकाळच्या आत. घर ठाऊक नसेल तर फोन कर. फोन नंबरही नसेल तर दोन वर्षं वचन कोणाला सांगत होतीस ते स्वतःला विचार, आणि मग वॉचमनला विचार, त्याला ठाऊक असेल.

पैसे हातात दे, पाकिटात घालून देवाच्या ओव्या लिहू नकोस. म्हण, ‘मावशी, चुकलं माझं, दोन महिने तुमचे पैसे मी दुसरीकडे दिले.’ एवढं वाक्य. ‘गडबडीत राहिले’ म्हणायचं नाही, कारण सभेचे 7,000 त्याच गडबडीत वेळेवर गेले. प्रार्थना करू का, असं विचारायचं नाही. प्रचाराची पत्रिका द्यायची नाही. त्यांनी चहा ठेवला तर पी, आणि कपाची वाट बघत बसलेली असताना काही शिकवायचं नाही. त्यांना काही बोलायचं असेल तर त्या बोलतील. नाही बोलल्या तर ऊठ आणि ये.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये याची साक्ष द्यायची नाही, ‘प्रभूने मला कसं नम्र केलं’ वगैरे. पाचला उठतेस तशी ऊठ, पण पुढचा महिनाभर मावशींना वचन सांगणं पूर्ण बंद. दुपारी कूलरचं पाणी पोरं नाहीतर तू भर. मावशींना त्या उन्हात परत बोलवायचं असलंच तर त्या खेपेचे वेगळे पैसे ठरव, त्यांना विचारून. आणि महिन्याच्या एक तारखेला, दशांशाचं पाकीट भरायच्या आधी, मावशींचा पगार. कॅलेंडरवर लिही, खाड्यांच्या जागी.

मिस्टरांबद्दल पुन्हा लिहायचं असेल तर लिही, मी वाचेन. पण त्या पत्राच्या पहिल्या ओळीत पैसे कोणत्या तारखेला दिलेस ते असू दे. नसलं तर पुढचं मी वाचणार नाही.