आठ थ्रेड, तरी प्रोग्रॅम संथ

प्रश्न : अ‍ॅरेची बेरीज करायला ओपनएमपीचे (लूपचं काम वाटून देणारी सोय) ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅमचे धागे) लावले. प्रत्येक थ्रेड आपली बेरीज एका सामाईक अ‍ॅरेत स्वतःच्या घरात ठेवतो. उत्तर बरोबर येतं, पण एका थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागतो. का?

उत्तर : तुमची घरं एकमेकांना खेटून आहेत, घोळ तिथेच आहे. डबल (दशांश संख्येचा प्रकार) ८ बाइटचा, इंटेल-एएमडीची कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) ६४ बाइटची. आठही बेरजा एकाच लाइनीत मावतात. प्रोसेसरच्या एका कोअरने लिहिलं की बाकीच्यांकडची लाइन बाद होते आणि ती पुन्हा मागवण्यात वेळ जातो. बेरजांचा तो सामाईक अ‍ॅरे काढाच. लूपवरच्या प्रॅग्मात (कंपायलरला सूचना देणारी ओळ) रिडक्शन लिहा. प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत मिळते, शेवटी त्या जोडल्या जातात. बेरजेचा क्रम बदलल्याने दशांशातले शेवटचे अंक किंचित बदलू शकतात, त्याला घाबरू नका.