पत्रकात दुष्परिणाम छापला होता, म्हणून दावा संपतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: ताईंना पोटाच्या तक्रारीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं, ते कित्येक महिने चालू राहिलं आणि आता त्यांची जीभ आणि जबडा आपोआप हलत राहतो. वकिलांनी सांगितलं की हा परिणाम औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलाच आहे, त्यामुळे कुणालाच जबाबदार धरता येणार नाही. औषध-सुरक्षेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या आधारावर सांगतो: इतक्या लवकर हार मानू नका.

दाव्याआधी तब्येतीचं बोलतो. ताईंना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या आणि निदान लेखी घ्या. जीभ आणि जबड्याच्या अशा आपोआप हालचालींना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. या आजाराची एक अवघड बाजू अशी की हेच औषध कधीकधी त्याची लक्षणं दडपून ठेवतं. त्यामुळे औषध बंद केल्यावर हालचाली कमी होण्याऐवजी काही काळ वाढूही शकतात. एरवी ‘औषध थांबवलं आणि त्रास थांबला’ हा मोठा पुरावा मानला जातो. इथे तसं झालं नाही, एवढ्यावरून औषधाचा दोष नाही असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. औषध कसं आणि कधी थांबवायचं ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता छापलेल्या सूचनेकडे येऊ. सूचना होती की नव्हती, एवढं पाहून भागत नाही. ती कधीपासून होती, किती ठळक होती आणि नेमकं काय करू नका असं सांगत होती, यावर सगळं ठरतं. याच औषधाचा अमेरिकेतला इतिहास पाहा. १९८५ मध्ये टार्डिव्ह डिस्कायनेशियाचा इशारा कडक झाला, २००४ मध्ये १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नये असं स्पष्ट लिहिलं गेलं आणि २००९ मध्ये तो इशारा काळ्या चौकटीत, म्हणजे सर्वांत कडक स्वरूपात, आला. युरोपच्या औषध संस्थेने तर २०१३ मध्ये ५ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका अशी शिफारस केली. गोळी तीच, आणि देश व वर्ष बदललं की पत्रक वेगळं. ताईंनी औषध घेतलं त्या काळात, त्या देशात लागू असलेलं पत्रक मिळवा. आज इंटरनेटवर दिसणारं पत्रक कामाचं नाही.

छापील इशारा असूनही कंपनी हरल्याचं ठळक उदाहरण म्हणजे वायथ या औषध कंपनीचा ‘वायथ विरुद्ध लेव्हिन’ हा अमेरिकेतला खटला. अर्धशिशीच्या मळमळीसाठी एका महिला संगीतकाराला प्रोमेथाझिनचं इंजेक्शन थेट शिरेत दिलं गेलं. औषध धमनीत गेलं, गँगरीन झालं आणि हात कापावा लागला. गँगरीनचा धोका पत्रकात होता. पण थेट शिरेत टोचण्याची पद्धतच वापरू नका, असं त्यात म्हटलं नव्हतं. ज्यूरीने तो इशारा अपुरा ठरवला. सरकारी संस्थेने पत्रक मंजूर केलं म्हणजे कंपनी सुटली असं होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केलं.

आणि दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला, तोही नेमका मेटोक्लोप्रामाइडबद्दल. प्लिवा विरुद्ध मेन्सिंग या खटल्यातल्या रुग्णांनी जेनेरिक, म्हणजे मूळ ब्रँडऐवजी दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाच्या, गोळ्या घेतल्या होत्या. जेनेरिक कंपनीला मूळ ब्रँडचंच पत्रक जसंच्या तसं छापावं लागतं, स्वतःहून इशारा वाढवता येत नाही. म्हणून अपुऱ्या इशाऱ्यासाठी तिच्यावर दावा चालणार नाही, असं ठरलं. रुग्णांच्या नजरेतून हा फरक पटण्यासारखा नाही, हे बहुमताच्या निकालपत्रातही कबूल केलं आहे. मला तो निकाल आजही अन्यायाचा वाटतो. तोच रेणू आणि तीच इजा असताना पाकीट कुणाचं होतं एवढ्यावर माणसाचा हक्क ठरतो. तुमच्या देशात हा नियम असेलच असं नाही, पण गोळी नेमकी कुणी बनवली हा प्रश्न कुठेही विचारला जाईल. म्हणून औषधांची बिलं, रिकाम्या पट्ट्या आणि बॅच क्रमांक यांतलं हाती लागेल ते जपून ठेवा.

तुमच्या वकिलांकडून एक गोष्ट निसटली आहे असं मला वाटतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधात कंपनीने रुग्णाला नव्हे, तर डॉक्टरांना इशारा देणं पुरेसं, असं बऱ्याच न्यायालयांत मानतात. मग तो इशारा स्पष्ट असेल तर कंपनी सुटते, पण जबाबदारी नाहीशी होत नाही. ती औषध लिहिणाऱ्याकडे सरकते. पत्रकात मुदत दिलेली असताना तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने पुढे का चालवली, मध्ये तपासणी झाली का, धोका ताईंना सांगितला का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारता येतात. तिथे ती छापील ओळ तुमच्या बाजूने बोलते. अनेकदा औषध एक डॉक्टर सुरू करतात आणि दुसरे फक्त पुन्हा लिहून देतात, म्हणून प्रत्येक चिठ्ठी तारखेसह हवी.

खरी लढाई कार्यकारणाची असते. औषधाने असा त्रास होऊ शकतो, हे सिद्ध करणं वेगळं आणि या माणसाला तो त्याच औषधाने झाला, हे सिद्ध करणं वेगळं. व्हायॉक्स हे वेदनाशामक हृदयविकाराचा धोका दिसल्यावर मर्क या कंपनीने २००४ मध्ये बाजारातून काढलं. २००५ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने एका विधवेला २५ कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. २००८ मध्ये अपिलात ती शून्य झाली, कारण तिच्या पतीचा मृत्यू त्या औषधामुळे आलेल्या रक्ताच्या गुठळीने झाला याचा पुरावा पुरेसा नाही असं न्यायालयाचं मत पडलं. कंपनीने २००७ मध्ये दोष मान्य न करता ४८५ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातही हृदयविकाराच्या झटक्याची किंवा पक्षाघाताची नोंद, किमान ३० गोळ्या मिळाल्याचा कागद आणि झटक्याआधीच्या १४ दिवसांत औषध हाताशी होतं याचा पुरावा, अशा अटी होत्या. खरोखर बाधित असूनही बिलं नसलेला माणूस तिथे अडकला.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. गरोदरपणातल्या उलट्यांवरचं बेंडेक्टिन जन्मदोषांच्या दाव्यांमुळे १९८३ मध्ये बाजारातून गेलं. अभ्यासांत तो संबंध दिसला नाही, आणि त्याच घटकांचं औषध २०१३ मध्ये अमेरिकेत पुन्हा मंजूर झालं. मधली तीस वर्षं तिथल्या गरोदर बायकांना ते मिळालं नाही. म्हणून प्रत्येक त्रासाचं खापर औषधावर फोडू नये असं मी आग्रहाने म्हणतो. ताईंच्या बाबतीत मात्र हा दुष्परिणाम वैद्यकाला चांगला परिचित आहे. समोरची बाजू बहुधा दुसरं कारण शोधेल, कारण मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही अशाच हालचाली होतात. ताईंनी आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, अडचणीची वाटली तरी, वकिलांसमोर ठेवा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत निघाली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

दावा दाखल करण्याच्या मुदतीचं विसरू नका. काही ठिकाणी ती इजा झाल्यापासून मोजतात, काही ठिकाणी कारण कळल्यापासून. युरोपात १९८५ च्या निर्देशाने इजा, दोष आणि उत्पादक कळल्यापासून ३ वर्षं आणि उत्पादन बाजारात आल्यापासून १० वर्षं अशी दुहेरी मर्यादा घातली होती. निदानाच्या कागदावर तारीख पडली की तुमचंही घड्याळ चालू झालं असं धरून चला. औषध नियंत्रकांकडे दुष्परिणामाची नोंदही करा. त्या नोंदीने भरपाई मिळत नाही आणि दाव्याची मुदत थांबत नाही, पण पुढच्या रुग्णासाठीचा इशारा अशाच नोंदींतून कडक होतो.

दुसऱ्या वकिलांचं मत घ्या, आणि ते वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे चालवणारे असावेत. त्यांना ‘कंपनीवर दावा होईल का’ एवढंच विचारू नका. कंपनी आणि औषध लिहिणारे डॉक्टर यांपैकी कुणाचं कर्तव्य कुठे चुकलं, हे वेगवेगळं विचारा. जाताना पहिल्या चिठ्ठीची तारीख शोधून न्या, औषध देण्याची मुदत ओलांडल्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.