इंटरव्ह्यूत ‘लग्न कधी करणार’ विचारलं तर

अगं, पहिल्याच इंटरव्ह्यूत तुला लग्न-मुलाबद्दल विचारलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस, चूक विचारणाऱ्यांची आहे. दीड तास रिसेप्शनला बसवून ठेवायचं, मग आत बोलावून मोबाईल स्क्रोल करत करत "लग्न कधी, मूल कधी" विचारायचं, हा प्रकार हिंजवडीत काय नि अंधेरीत काय, मी अजूनही बघतेय आणि दर वेळी तेवढाच संताप येतो. कारण उघड आहे, 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा द्यावी लागते आणि तो पगार बहुतेक ठिकाणी कंपनीलाच भरावा लागतो, म्हणून मुलींना दारातच चाळणी.

पुढच्या वेळी विचारलं तर चिडू नको, खोटंही बोलू नको. शांतपणे म्हण, "सर, शिफ्ट किंवा प्रवासाबद्दल विचारायचं असेल तर विचारा, ते मला जमेल, घरचं राहू द्या." बऱ्याचदा समोरचा भानावर येतो. नाही आला, वर "अहो सहज विचारलं" करत हसत राहिला, तर ऑफर आली तरी दहादा विचार कर बाई, उद्या तुझ्या रजेच्या अर्जावर सही हाच करणार.

आणि हो, ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर सरळ उठायचं. झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल नुसतं दाखवायचं. घरी गेलीस की तारीख, कोण होतं, काय विचारलं ते सगळं लिहून एचआर हेडला मेल टाक, तिथली नोकरी नको असली तरी टाकच.