केदारकंठाला पहिल्यांदाच जातोयस? मग आधी हे कर

जानेवारीत उत्तराखंडातल्या या बर्फाच्या ट्रेकला जातोयस, छान! फोंड्याहून थेट बर्फात जाणाऱ्याला कपड्यांची काळजी जास्त वाटते, पण तू आधी संपर्काचं बघ.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरी एक कागद ठेव. त्यावर सांकरीहून (ट्रेक सुरू होतो ते गाव) कधी निघणार, मुक्काम कुठे, परत कधी येणार आणि गाइडचा नंबर लिही. शिवाय एक ठरलेली वेळ लिही: 'तोपर्यंत फोन आला नाही तर आधी गाइडला, मग उत्तराखंड पोलिसांना कळवा.' आईला नुसतं 'रविवारी येतो' सांगून निघणं ही नवख्यांची नेहमीची चूक. शोध कुठून सुरू करायचा हेच मग कुणाला कळत नाही.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाला चिकटून ठेव. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घे. माझा एकदा ४० टक्के बॅटरी असताना बंद पडला होता, काखेत धरून ऊब दिल्यावर चालू झाला. रेंज अगदी कमी असेल तर कॉलपेक्षा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त. आपत्कालीन नंबर ११२.

शिट्टी सॅकमध्ये नको, छातीवरच्या पट्ट्याला बांध. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र) कुणी दिला तरी नेऊ नकोस. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकशील.

हेडटॉर्च, जादा सेल, एक थर्मल ब्लँकेट. बाकीचं परत आलास की बोलू. त्याआधी एका रविवारी तांबडी सुर्ल्याच्या रानात मित्राबरोबर शिट्टीचा सराव कर.