एका रोपापासून इव्हॉल्व्हुलसचा वाफा कसा भरायचा?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: सोलापुरात घरापुढे दहा बाय चार फुटांचा वाफा आहे, लॉन उन्हाळ्यात जळालं, म्हणून निळ्या फुलांच्या इव्हॉल्व्हुलसचं एक रोप आणलंत. मे महिन्यात त्याच्या फांद्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या तर काळ्या पडून कुजल्या. मग एका रोपावर वाफा भरेल का?

भरेल, पण एका दमात नाही. फूटभर अंतर धरलं तर चाळीसेक रोपं लागतात आणि पिशवीतल्या एका रोपातून एका वेळी दहा-बारा चांगले शेंडे निघतात. पहिल्या खेपेची रोपं वाढली की त्यांचेच शेंडे पुढच्या खेपेला. सगळी चाळीस विकत आणण्यापेक्षा हे बरं.

तुमची वेळ चुकली आणि फांद्या ग्लासातल्या पाण्यात ठेवणंही चुकलं. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी; मुळं फुटायच्या आत फांदी सुकते. मृगाच्या सरी पडून हवा जरा दमट झाली की लागा कामाला. तोपर्यंत रोप दुपारच्या उन्हातून आत घ्या.

शेंडा बोटभर लांबीचा, फार कोवळा नको आणि खाली लाकडासारखा झालेलाही नको. धारदार ब्लेडने पेराच्या खाली कापा, खालच्या निम्म्या भागातली पानं काढा. या झाडाला सदानकदा फुलं असतात, त्यामुळे बिनफुलाचा शेंडा शोधत बसू नका. कळ्या-फुलं खुडून टाका, म्हणजे ताकद मुळांकडे जाईल. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) असली तर लावा, नसली तरी अडत नाही.

आता माती. आपली काळी माती कलमांना अजिबात नको. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, आणि त्या भेगांत नवी मुळं तुटतात. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. मेडिकलवाल्याकडे थर्माकोलचे रिकामे डबे मिळतात, त्यांना तळाला भरपूर भोकं पाडली की झाला ट्रे. वरून प्लॅस्टिकची पिशवी झाकायचा सल्ला सगळे देतात, मला तो या झाडासाठी पटत नाही. पानांवर बारीक लव असते, तिच्यात थेंब अडकून राहतात आणि बंद पिशवीत बुरशी धरते. त्यापेक्षा हिरव्या नेटखाली, वारा खेळेल अशा सावलीत ठेवा आणि वाळूचा वरचा थर सुकू लागला की पाणी द्या. बोअरचं पाणी शक्यतो टाळा, क्षारांचा पांढरा थर बसतो. नळाला पाणी येतं तेव्हा एक बादली कलमांसाठी बाजूला ठेवा; पावसाचं धरलंत तर उत्तमच.

तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. उपटून बघू नका. शेंड्याला नवी पानं दिसली की समजायचं. मग छोट्या पिशवीत हलवून हळूहळू उन्हाची सवय लावा.

वाफ्यात लावायला उत्तरा-हस्त नक्षत्रांचे, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस छान. आपला पाऊस खरा तेव्हाचा, शाळूची पेरणीही त्याच सुमारास होते. त्याआधी वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा आणि काळ्या मातीत मुरूम, वाळू नि कुजलेलं शेणखत मिसळा. मूळचं हे ब्राझीलकडचं झाड. ऊन सोसतं, पण पाण्यात उभं राहिलं की मरतं. जागा मात्र भर उन्हाची हवी, कारण फुलं उन्हातच उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. सावलीत लावलंत तर नुसता पाला बघाल.

काही जागा उरली तर जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा उरकून थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत आणखी एक खेप घेता येते. ती रोपं मात्र पहिला उन्हाळा नेटखालीच काढू द्या.

वाफा लवकर भरावा म्हणून कुणी पिवळ्या फुलांचं वेडेलिया सुचवेल. ते पेरापेराला मुळं सोडत पसरतं, कलमाचीसुद्धा गरज नाही. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. लावायचंच असेल तर कुंडीत, आणि छाटलेले तुकडे नाल्याकडेला फेकू नका.