तुर्की लोकांच्या धर्मविचारावर सूफी पंथांचा प्रभाव कितपत पडला?

खूप खोलवर. मध्य आशियातल्या भटक्या तुर्की टोळ्यांपर्यंत इस्लाम पोहोचवण्यात मदरशांइतकाच, काही भागांत त्याहून जास्त, वाटा सूफींचा होता.

बाराव्या शतकातले अहमद यसवी हे त्यातले सर्वांत मोठे नाव. त्या काळी विद्वान अरबी-फारसीत लिहीत. यसवींच्या परंपरेने मात्र मेंढपाळांना कळेल अशा तुर्कीत पदे रचली. पुढे अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) कवी युनुस एमरेंनी हेच केले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच काळात तेही लोकभाषेत ईश्वरप्रेम गात होते, हे मला फार विलक्षण वाटते. ईश्वराचे भय कमी आणि ओढ जास्त, हा तुर्की धर्मभावनेचा सूर इथूनच आला.

नक्शबंदी पंथाचा मार्ग वेगळा. संसार सोडू नका, बाजारात वावरतानाही मन ईश्वरापाशी ठेवा, ही बुखाऱ्याच्या बहाउद्दीन नक्शबंद (मृत्यू १३८९) यांच्या परंपरेची शिकवण. त्यामुळे कारागीर, व्यापारी आणि राज्यकर्तेही त्यांच्याकडे वळले. समरकंदच्या ख्वाजा अहरारांचा शब्द तैमूरी सुलतान मानत, आणि त्यांच्या एका ग्रंथाचे बाबराने तुर्की पद्यात भाषांतर केले. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळचा बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा याच परंपरेतला.

ऑटोमन सुलतानांचे खास पायदळ, म्हणजे जॅनिसरी सैन्य, बेक्ताशी या सूफी पंथाशी जोडलेले होते. १८२६ मध्ये ते सैन्य मोडले, तेव्हा पंथावरही बंदी आली. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने सगळेच सूफी मठ बंद केले, तरी युनुसची पदे तिथे आजही गायली जातात.