प्रतिजैविकांनंतर पोट का बिघडते?
घशाच्या संसर्गासाठी पाच दिवस प्रतिजैविके घेतल्यावर जुलाब का लागले, असे आपण विचारले आहे. ही औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जिवाणूही मारतात. त्यामुळे तंतुमय अन्न आंबवून आतड्याच्या अस्तराला पोसणारे जिवाणू घटतात आणि रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा उपद्रवी जिवाणू फोफावू शकतो. आतड्यातील जिवाणूंची घडी पूर्ववत बसण्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात साध्या जुलाबांवरही मेडिकलमधून प्रतिजैविकांच्या दोन सुट्या गोळ्या आणण्याची सवय आहे. ती मला घातक वाटते, कारण विषाणूजन्य जुलाबांवर प्रतिजैविके चालतच नाहीत. सध्या ओआरएस घ्यावे, भूक परतल्यावर ताकात कुस्करलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी (ठेच्याविना!) खावी, मात्र ताप किंवा शौचात रक्त आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.